हलकी काठी, थंड पाणी

जपानच्या डोंगराळ भागात ओढ्यांवर मासे गरवण्याची एक जुनी पद्धत आहे. तिला टेंकारा म्हणतात. एक लांब, लवचिक काठी, तिच्या शेंड्याला थेट बांधलेली दोरी, दोरीच्या टोकाला बारीक पारदर्शक तंतू आणि त्या तंतूला गरीवर पिसे व धागा गुंडाळून केलेली खोटी माशी. एवढाच सरंजाम. दोरी गुंडाळणारे चाक नाही, शिशाचे वजन नाही, आमिषाचा डबा नाही. पूर्वी काठी बांबूची असे आणि दोरी घोड्याच्या केसांची. डोंगरातले मच्छीमार या काठीने इवाना, यामामे, अमागो असे ट्राउटच्या कुळातले मासे पकडत आणि आसपासच्या खाणावळींना विकत.

आता काठी कार्बन फायबरची असते. एकात एक सरकणारे तिचे तुकडे उघडले की ती साडेतीन-चार मीटर लांब होते, मिटली की जेमतेम अर्धा मीटर उरते. वजन साधारण १०० ग्रॅमच्या आतबाहेर. २००९ मध्ये डॅनिएल गाल्हार्डो यांनी अमेरिकेत ‘टेंकारा यूएसए’ ही कंपनी सुरू केली आणि ही पद्धत तिथल्या डोंगरभटक्यांच्या हाती आली. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा, वायोमिंगमधील विंड रिव्हर यांसारख्या पर्वतरांगांत मोठे प्रदेश १९६४ च्या कायद्याने निर्जन अरण्य म्हणून राखून ठेवले आहेत. तिथे रस्ते नाहीत, मोटारी नाहीत. आठ-दहा दिवसांचे अन्न, तंबू, अंथरूण सारे पाठीवर न्यावे लागते. ओझ्यातला ग्रॅम न ग्रॅम मोजणाऱ्या या मंडळींना अशी काठी आवडली नसती तरच नवल.

ओझे कमी करण्याची ही सवय मात्र काठीपाशी थांबत नाही. पाण्यात उतरण्यासाठीची जलरोधक विजार जड म्हणून घरी राहते. सुटे कोरडे कपडे कमी होतात, औषधांची पिशवी आक्रसते. काठीत वाचलेले वजन हा नफा असतो. कपड्यांत वाचवलेले वजन कधी कधी जीवावर बेतते. त्याचे कारण समजायला आधी ट्राउटच्या पाण्याकडे पाहावे लागते.

मासा थंड पाण्यातच का?

पाणी जितके थंड, तितका त्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. समुद्रसपाटीला ५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे १२.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर २० अंशांच्या पाण्यात ९.१ मिलिग्रॅम. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने हे आकडे आणखी घटतात. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. पाणी तापले की त्याच्या शरीरातील रासायनिक क्रिया वेगाने होऊ लागतात आणि ऑक्सिजनची गरज वाढते. म्हणजे उन्हाळ्यात गरज वाढते आणि पुरवठा आटतो. ट्राउट हा भरपूर ऑक्सिजन लागणारा, चपळ मासा. साधारण १० ते १५ अंशांच्या पाण्यात तो खूश असतो, २० अंशांपुढे त्याची तगमग सुरू होते आणि २५ अंशांच्या आसपास जगणे कठीण होते. म्हणून तो बर्फ वितळून येणाऱ्या, दगडांवर आपटत फेसाळणाऱ्या पाण्यात राहतो.

माणसाचे नेमके उलटे आहे. त्याला शरीराचे अंतर्गत तापमान ३७ अंशांच्या आसपास राखावे लागते आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. १५ अंशांची हवा आल्हाददायक वाटते. १५ अंशांच्या पाण्यात अचानक पडणे जीवघेणे ठरू शकते. ट्राउटसाठी जे पाणी उत्तम, त्यातच माणसाला बसणारा थंडीचा झटका जोरदार असतो.

एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास

थंड पाण्यात पडलेला माणूस गारठून मरतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेकजण गारठण्याच्या कितीतरी आधी बुडतात. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्त यांनी हा क्रम लोकांच्या लक्षात राहावा म्हणून एक सोपे सूत्र रूढ केले: एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास.

पहिले मिनिट श्वासाचे. त्वचेला अचानक थंडी लागली की माणूस नकळत जोराने श्वास आत ओढतो आणि मग भराभर श्वास घेऊ लागतो. तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना घेतला गेला, तर पाणी थेट फुप्फुसांत जाते. नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात. हृदयविकार असलेल्याला एवढे पुरते. या काळात पोहण्याची धडपड न करता तोंड पाण्याबाहेर ठेवणे आणि श्वास ताब्यात आणणे, एवढेच काम करायचे. झटका एक-दोन मिनिटांत ओसरतो.

पुढची दहा मिनिटे हातापायांची. शरीर आतले अवयव ऊबदार ठेवण्यासाठी हातापायांचा रक्तपुरवठा कमी करते. बोटे वळत नाहीत, पकड सुटते, पट्ट्यातून खडक घट्ट धरता येत नाही. चांगला पोहणाराही हात-पाय मारू शकत नाही. काठाला लागण्यासाठी हाच वेळ हाती असतो.

मग एक तास. बर्फासारख्या पाण्यातही सर्वसाधारण प्रौढ माणूस गारठ्याने बेशुद्ध व्हायला सुमारे तासभर लागतो. तोंड पाण्याबाहेर राहिले, तर सुटकेला तेवढा अवकाश मिळतो. हे आकडे घड्याळ लावून मोजायचे नाहीत. शरीरयष्टी, कपडे आणि पाण्याचे तापमान यांनुसार ते बदलतात. पण क्रम तोच राहतो.

या क्रमाचे टोकाचे उदाहरण नॉर्वेत घडले. मे १९९९ मध्ये अ‍ॅना बॉगनहोम ही तरुण स्वीडिश डॉक्टर नार्विकजवळ स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात पडली आणि बर्फाच्या थराखाली अडकली. तिला तिथे हवेची पोकळी सापडली, त्यामुळे ती काही वेळ श्वास घेत राहिली. सुमारे ८० मिनिटांनी तिला बाहेर काढले तेव्हा हृदय बंद पडलेले होते. ट्रॉम्सोच्या रुग्णालयात तिचे तापमान १३.७ अंश नोंदले गेले. हृदय-फुप्फुस यंत्राने तिचे रक्त हळूहळू तापवण्यात आले आणि ती वाचली. पुढे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करू लागली. २००० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध झाली. श्वास चालू असतानाच मेंदू इतका थंड झाला होता, की हृदय थांबले तोवर त्याची ऑक्सिजनची गरज अगदी कमी उरली होती. म्हणून गारठलेल्या माणसाला ऊब देऊन पाहिल्याखेरीज मृत ठरवण्याची घाई करू नये, असे डॉक्टरांना शिकवले जाते. पण तिच्या मदतीला हेलिकॉप्टर आणि सुसज्ज रुग्णालय होते. दोन दिवसांच्या पायपिटीवर असलेल्या खोऱ्यात यापैकी काहीही नसते.

गाठ बसेना झाली की

टेंकारा करणारा सहसा धपकन पाण्यात पडत नाही. तो तासन् तास गुडघाभर पाण्यात उभा राहतो, ओल्या कपड्यांनी एका डोहाकडून दुसऱ्या डोहाकडे चढत जातो. दुपारी ढग येतात, वारा सुटतो, पाऊस पडतो. दिवसभराची चाल, अपुरे खाणे आणि थकवा यांमुळे उष्णता निर्माण करायला इंधन उरलेले नसते. हा गारठा चोरपावलांनी येतो आणि पहिला घाला विवेकावर घालतो. त्यामुळे आपण गारठतो आहोत, हे त्या माणसालाच कळत नाही.

शरीराचे अंतर्गत तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. ३५ ते ३२ पर्यंत सौम्य, ३२ ते २८ मध्यम आणि २८ च्या खाली तीव्र. डोंगरात हे मोजता येत नाही. लक्षणांवरूनच ओळखावे लागते. हुडहुडी भरते. हातातल्या वस्तू पडू लागतात. बोलणे अडखळते, चाल लटपटते, माणूस विनाकारण चिडतो किंवा गप्प गप्प होतो. टेंकारात एक खूण आयतीच मिळते. माशी बदलताना बारीक तंतूची गाठ मारावी लागते. दहा मिनिटांपूर्वी सहज बसणारी गाठ आता बसत नसेल, अंगठा करंगळीला टेकवता येत नसेल, तर नजर किंवा तंतू यांना दोष देत बसू नये. काठी मिटावी आणि पाण्याबाहेर यावे.

सर्वांत फसवे लक्षण म्हणजे हुडहुडी थांबणे. कुडकुडणे हा शरीराचा शेगडी पेटवण्याचा प्रयत्न असतो. अंग गरम न होता तो थांबला, तर माणूस सावरलेला नसतो. त्याची शेगडी विझत चाललेली असते.

शुद्धीवर असलेल्या आणि कुडकुडणाऱ्या माणसाला आडोशाला न्यावे. ओले कपडे काढून कोरडे घालावेत. जमिनीतून थंडी लागू नये म्हणून खाली जाड चटई अंथरावी, डोक्यासकट पांघरूण द्यावे. नीट गिळता येत असेल तर गोड, गरम पेय द्यावे. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून छातीशी व काखेत ठेवावी. लगेच चालायला लावू नये. अर्धा तास तरी पडून राहू द्यावे. हातपाय चोळू नयेत. दारू मुळीच देऊ नये; तिने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्याचा भास होतो आणि उष्णता आणखी निघून जाते. माणूस अर्धवट शुद्धीत असेल, कुडकुडणे थांबले असेल, तर त्याला आडवेच ठेवून अगदी हळुवार हाताळावे, तोंडाने काही देऊ नये आणि मदत मागवावी. एवढ्या थंड हृदयाची लय साध्या हिसक्यानेही बिघडू शकते.

ओढा ओलांडण्याची वेळ

गरवण्यापेक्षा ओढा ओलांडणे अधिक धोक्याचे आहे. सिएरा नेवाडात २०१७ मध्ये हिवाळ्यात बर्फ भरपूर पडले. त्या जुलैत ‘पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल’ या लांब पल्ल्याच्या पायवाटेने जाणाऱ्या दोन तरुणी वेगवेगळ्या ठिकाणी बुडून मरण पावल्या. बर्फाच्या पाण्याचे भरती-ओहोटीसारखे वेळापत्रक असते. दिवसभर ऊन लागून बर्फ वितळते, त्यामुळे दुपारनंतर आणि संध्याकाळी ओढा फुगतो; रात्री गारठ्याने वितळणे मंदावते, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. संध्याकाळी अडवणारा ओढा सकाळी पोटरीभर झालेला असतो. तंबू ठोकून रात्र काढण्यात शहाणपण आहे.

उतरायचेच असेल तर पात्र रुंद आणि उथळ असलेली जागा शोधावी, खाली धबधबा किंवा अडकलेले ओंडके नाहीत हे पाहावे, पाठपिशवीचा कमरेचा व छातीचा पट्टा सोडावा. पडलो तर पिशवी टाकून देता आली पाहिजे. वाहत गेल्यास वेगवान पाण्यात उभे राहू नये; पाय दगडांत अडकला की प्रवाह माणसाला खाली दाबतो. पाठीवर तरंगत, पाय पुढे ठेवून काठाकडे सरकावे.

गंमत अशी, की टेंकाराची काठी लांब असते ती बऱ्याच अंशी पाण्यात न उतरण्यासाठीच. काठावरच्या दगडामागे दडून चार मीटर पलीकडच्या डोहात माशी सोडता येते. माशालाही माणूस दिसत नाही. गडबड होते ती मोठा मासा लागल्यावर. चाक नसल्यामुळे दोरी सोडता येत नाही. मासा प्रवाहाबरोबर पळतो आणि माणूस त्याच्यामागे निसरड्या दगडांवरून खोल पाण्याकडे ओढला जातो. शेवटचा तंतू मुद्दामच काठीपेक्षा कमी ताकदीचा ठेवतात, ताण आला की काठीआधी तो तुटावा म्हणून. अशा वेळी तो तुटू द्यावा.

गरी, वीज आणि पिण्याचे पाणी

अडकलेली माशी हिसका देऊन सोडवताना ताणलेली दोरी सुटते आणि गरी उलट तोंडावर येते. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. गरीचा उलटा दात पकडीने आधीच दाबून सपाट केला, तर ती कातडीत रुतली तरी सहज निघते, माशालाही इजा कमी होते. गरी डोळ्यात शिरली तर ती काढण्याचा प्रयत्न करू नये. डोळ्यावर दाब न देता कागदी पेल्यासारखे काही झाकून रुग्णालय गाठावे. धनुर्वाताची लस निघण्यापूर्वीच घेतलेली असावी.

कार्बन फायबर विजेचा वाहक आहे. उंच डोंगरांत उन्हाळ्यात दुपारी वादळी ढग जमतात. गडगडाट ऐकू येताच काठी मिटून ठेवावी, पाण्यापासून आणि उघड्या माळापासून दूर जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा काठी उघडू नये. विजेच्या तारांखालीही ती कधी उघडू नये.

डोंगरातले पाणी काचेसारखे नितळ दिसते, पण वन्य प्राणी आणि माणसांच्या विष्ठेतून जिआर्डिया हा परजीवी त्यात येतो. त्याच्या कोशांना थंड पाणी मानवते. त्यात ते महिनोन् महिने टिकतात आणि अवघे दहा कोशही आजाराला पुरतात. लक्षणे एक ते तीन आठवड्यांनी, बहुधा घरी परतल्यावर दिसतात: चिकट, दुर्गंधीयुक्त जुलाब, पोटफुगी, आंबट ढेकर, वजन घटणे. अशा वेळी सहलीचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा. पाणी एक मिनिट खळखळून उकळावे. २००० मीटरच्या वर तीन मिनिटे.

पकडलेला मासा खायचा असेल तर नीट शिजवून खावा. कच्च्या गोड्या पाण्यातल्या माशांतून पट्टकृमी पोटात जाऊ शकतो; तो आतड्यात काही मीटर वाढतो आणि कधी कधी बी-१२ जीवनसत्त्व पळवतो. जपानी डोंगरी घरांत इवानाला मीठ लावून, सळईला टोचून निखाऱ्यांभोवती भाजतात. चवीइतकीच ती आरोग्यालाही चांगली रीत आहे.

पाणी तापते तेव्हा

मासा सोडून द्यायचा असेल, तर त्याच्याही शरीरशास्त्राचा विचार हवा. १९९२ मध्ये कॅनडातील संशोधकांनी इंद्रधनुषी ट्राउटवर केलेला एक प्रयोग बोलका आहे. दमवलेले मासे पाण्यातच ठेवले तेव्हा त्यांपैकी १२ टक्के मेले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंद धरलेल्यांपैकी ७२ टक्के मेले. पाण्याबाहेर कल्ल्यांची पाती एकमेकांना चिकटतात आणि धापा टाकणाऱ्या माशाचा श्वासच बंद होतो. छायाचित्रासाठी लावलेला एक मिनिट त्याच्या जिवावर उठतो. हात ओले करून, मासा पाण्यातच धरून गरी काढावी.

उन्हाळ्यात पाणी २० अंशांपर्यंत चढले की गरवणे थांबवावे, हा सुज्ञ मच्छीमारांचा नियम आहे. मॉन्टाना राज्यात नद्यांचे पाणी सलग तीन दिवस सुमारे २३ अंशांना पोहोचले, तर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारीवर बंदी घालता येते. हवामान तापत चालले आहे तसे ट्राउटला वर, आणखी थंड पाण्याकडे सरकावे लागते. त्याच्यामागे जाणारा माणूसही अधिक उंच, अधिक थंड, मदतीपासून अधिक दूर जातो. २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रासही त्यात मिसळतो. डोकेदुखी, मळमळ, थकवा असल्यास वर चढणे थांबवावे.

सह्याद्रीच्या ओढ्यांत ट्राउट नाही. तिथले पाणी त्याला मानवण्याइतके थंड नसते. पण इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउट रुजवला आणि विशनसर, गंगाबल या सरोवरांत तो आजही आहे. त्याच वाटेवर दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातून शेकडो ट्रेकर जातात. तिथे गरवायला मत्स्यविभागाचा परवाना लागतो. परवाना नसलेल्यालाही तो ओढा ओलांडावा लागतोच आणि त्याच्यासाठीही पाणी तितकेच थंड असते.

टेंकाराच्या काठीमुळे पिशवीत काही वजन वाचते. त्या जागी काय भरावे, हे ठरलेले असावे: जलरोधक पिशवीत बांधलेला लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा कोरड्या कपड्यांचा एक जोड, कारण सुती कापड भिजले की ऊब देत नाही, वाऱ्या-पावसाचा कोट, काडेपेटी, मूठभर गोड खाऊ, पाण्याची गाळणी आणि मोबाइलची रेंज नसेल तिथे उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे छोटे उपकरण. सोबत एक माणूस असावा आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवलेली असावी. या शेवटच्या दोन गोष्टींना वजन नसते.